ठाणे खाडी रोहित अभयारण्य व तेथील पक्षिनिरीक्षण

ठाणे खाडी रोहित अभयारण्य : महाराष्ट्र राज्यातील किनारी अभयारण्य. मुंबई बेट व साष्टी यांना मुख्य भूमीपासून अलग करणाऱ्या ठाणे खाडीच्या उत्तर भागात, एका बाजूस भांडुप–कांजूर–विक्रोळी व दुसऱ्या बाजूस ऐरोली–घणसोली–वाशी यांच्या दरम्यान ते पसरलेले आहे. क्षेत्रफळ १६·९०५ चौ. किमी. असून त्यापैकी सु. ८९६ हेक्टर कांदळवनाचे व सु. ७९४ हेक्टर पाण्याचे आहे. शासनाने ६ ऑगस्ट २०१५ रोजी त्याची अधिसूचना काढली. मालवणनंतरचे हे राज्यातील दुसरे सागरी अभयारण्य होय. हिवाळ्यापासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत येथे मुक्कामास असणाऱ्या रोहित (अग्निपंख) पक्ष्यांच्या प्रचंड थव्यांमुळे ते प्रसिद्धीस आले. कोट्यवधी वस्तीच्या महानगराच्या कुशीत, कारखाने, मिठागरे व पूल यांच्यामध्ये असलेले हे क्षेत्र भारतातील किनारी पक्षिनिरीक्षणाच्या इतिहासात वेगळ्या स्थानाचे अधिकारी ठरले आहे.

खाडीचे स्वरूप : ठाणे खाडीची लांबी सु. २६ किमी. आहे. उत्तरेस ठाण्याजवळ ती चिंचोळी होऊन एका अरुंद प्रवाहाने उल्हास नदीच्या खाडीस मिळते. दक्षिणेकडे ती रुंदावत जाऊन मुंबई बंदरात विलीन होते. भरती-ओहोटीच्या पाण्यातील फरक उधाणाच्या दिवशी सु. ५ मी. पर्यंत जातो. त्यामुळे ओहोटीच्या वेळी खाडीच्या दोन्ही तीरांना चिखलाची विस्तीर्ण मैदाने उघडी पडतात. या चिखलात शैवले, कृमी, शिंपले, लहान खेकडे व कवचधारी प्राणी विपुल असतात. पक्ष्यांचे अन्न ते हेच. चिखलपट्ट्यांच्या मागे कांदळवनाचा पट्टा असून त्यात तिवर ही वनस्पती प्रामुख्याने आढळते. चिप्पी, कांदळ इ. जातीही आहेत. कांदळवनात सोनेरी कोल्ह्यांचे वास्तव्य आहे. निवटी, चिंबोरी, कालवे व कोळंबी यांवर तीरावरील कोळी व आगरी वस्त्यांचा चरितार्थ पिढ्यान्‌पिढ्या चालत आला.

खाडीच्या नैसर्गिक प्रवाहात मानवी हस्तक्षेपाचा आरंभ जुना आहे. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे लोहमार्ग सुरू झाला व पुढच्याच वर्षी ठाण्याजवळ खाडीवर रेल्वेचा पूल झाला. १९६० नंतर ठाणे–बेलापूर पट्ट्यात रासायनिक व अन्य कारखाने उभे राहिले. १९७० मध्ये सिडकोची स्थापना होऊन पूर्व तीरावर नवी मुंबई वसविण्यात येऊ लागली. वाशीचा पहिला खाडीपूल १९७३ मध्ये, तर मानखुर्द–वाशी रेल्वेपूल १९९२ मध्ये वाहतुकीस खुला झाला. भराव, पुलांचे खांब व शहरांतून येणारा गाळ यांमुळे वरच्या भागात पाण्याचा वेग मंदावून गाळ साचत गेला. साचलेल्या गाळावर तिवरांची रोपे रुजली आणि पूर्वी जेथे उघडा चिखल होता अशा काही जागी कांदळवन वाढले. पक्ष्यांच्या दृष्टीने या फरकाचे महत्त्व पुढे पाहू.

पक्षिनिरीक्षणाची पूर्वपीठिका : मुंबई परिसरातील पक्ष्यांच्या शास्त्रीय नोंदीचा आरंभ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. १५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात (सध्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय) आठ निसर्गप्रेमी एकत्र जमले व त्यांनी ‘बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ ही संस्था स्थापिली. या आठांमध्ये दोन भारतीय होते : प्रार्थना समाजाचे एक संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग (१८२३–९८) व डॉ. सखाराम अर्जुन. संस्थेचे नियतकालिक १८८६ पासून निघू लागले व त्यात मुंबईच्या पक्ष्यांसंबंधी टिपणे येऊ लागली. संस्थापकांपैकी एडवर्ड हॅमिल्टन एटकेन (१८५१–१९०९) यांचे मुंबईच्या परिचित पक्ष्यांवरील इंग्रजी पुस्तक १९०० मध्ये प्रसिद्ध झाले.

त्या काळी पक्ष्यांचा अभ्यास म्हणजे मुख्यतः बंदुकीने पक्षी टिपून त्याचे कातडे जतन करणे, असे होते. पाणपक्षी हे तर शिकारीचेच विषय मानले जात. जिवंत पक्ष्याचे वर्तन, आहार व स्थलांतर यांचे दुर्बिणीतून निरीक्षण करून टिपणवहीत नोंद ठेवण्याची पद्धत हळूहळू रूढ झाली. तिचा भारतातील पाया घालण्याचे श्रेय प्रामुख्याने डॉ. सलीम अली (१८९६–१९८७) यांना दिले जाते. सलीम अली व हुमायून अब्दुलअली (१९१४–२००१) यांनी मुंबई व साष्टीच्या पक्ष्यांवरील विस्तृत लेखमाला १९३६ पासून संस्थेच्या नियतकालिकात लिहिली. सलीम अलींचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक १९४१ मध्ये प्रसिद्ध होऊन सामान्य वाचकाच्या हाती पक्षी ओळखण्याचे साधन आले. १९५९ मध्ये झफर फतेहअली (१९२०–२०१३) यांनी हौशी निरीक्षकांसाठी एक वार्तापत्र सुरू केले. त्यातून देशभरच्या हौशी निरीक्षकांना आपल्या नोंदी एकमेकांस कळविण्याची सोय झाली. मराठीत मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी वनाधिकारी म्हणून घेतलेल्या अनुभवांतून पक्ष्यांविषयी विपुल लेखन केले आणि लोकभाषेतील पक्षिनामे संकलित करून पक्षिकोश सिद्ध केला. कोळी, पारधी, कातकरी इ. समाजांना पक्ष्यांचे जे ज्ञान होते, ते ग्रंथांत येण्यास या कार्यामुळे मोठे साहाय्य झाले.

पक्ष्याच्या पायात क्रमांकित वळे अडकवून त्याच्या प्रवासाचा माग काढण्याचे कार्य या संस्थेने १९२७ मध्ये सुरू केले. १९५९ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने त्यास व्यापक स्वरूप आले. उत्तरेकडील सायबीरिया व मध्य आशियातील प्रदेशांतून हिवाळ्यात भारताकडे येणाऱ्या पक्ष्यांचे मार्ग त्यामुळे कळू लागले. ठाणे खाडी ही या मध्य आशियाई उड्डाणमार्गावरील एक महत्त्वाची विश्रांतिभूमी आहे.

रोहितांचे आगमन : रोहित पक्षी भारताला नवा नाही. कच्छच्या मोठ्या रणातील त्याची वीण सुप्रसिद्ध आहे. कच्छचे महाराव खेंगारजी यांच्या कारकीर्दीत तिची माहिती बाहेर आली व १९४५ मध्ये सलीम अलींनी त्या ओसाड प्रदेशात जाऊन प्रत्यक्ष पाहणी केली. तेथील पक्ष्यांची संख्या त्यांनी सु. पाच लक्ष अंदाजिली. ठाणे खाडीत मात्र हजारोंच्या थव्यांनी रोहित येऊ लागले, ते १९९० नंतरच्या दशकात. प्रथम शिवडी व माहुल येथील चिखलपट्ट्यांवर ते निरीक्षकांच्या नजरेत भरले. एका बाजूस जुना शिवडी किल्ला व बंदराची गोदामे, समोर तेलशुद्धीकरण कारखान्यांची धुराडी आणि मध्ये ओहोटीच्या चिखलावर गुलाबी पक्ष्यांचा पसारा, असे ते दृश्य होते. शिवडी–माहुलचा परिसर पुढे पक्ष्यांच्या दृष्टीने महत्त्वाच्या क्षेत्रांच्या यादीत समाविष्ट करण्यात आला.

येथे रोहिताच्या दोन जाती आढळतात. मोठा रोहित (फीनिकॉप्टेरस रोझियस) फिकट गुलाबी, जवळजवळ पांढरा दिसतो. त्याची चोच गुलाबी असून टोक काळे असते. धाकटा रोहित (फीनिकोनाइअस मायनर) आकाराने बराच लहान, रंगाने अधिक गडद व काळपट लाल चोचीचा असतो. खाडीत त्याचीच संख्या अधिक असते. जागतिक सूचीत ही जाती संकटाच्या उंबरठ्यावरील मानली गेली आहे. दोहोंचीही अन्न घेण्याची रीत विलक्षण आहे. पक्षी मान खाली वाकवून चोच उलटी करतो, जिभेच्या हालचालीने पाणी आत ओढून बाहेर फेकतो आणि चोचीच्या कडांवरील बारीक पटलांत अन्नकण अडकून राहतात. मोठा रोहित कवचधारी प्राणी, कीटक, लहान शिंपले इ. गाळून खातो. धाकट्याची पटले अत्यंत सूक्ष्म असल्याने तो मुख्यतः नील-हरित व अन्य सूक्ष्म शैवलांवर जगतो. या अन्नातील रंगद्रव्यांमुळेच पिसांना गुलाबी छटा येते. पिले व अल्पवयी पक्षी करड्या रंगाचे असतात.

महानगराशेजारी हे पक्षी एवढ्या संख्येने का आले, या प्रश्नाचे उत्तर बव्हंशी त्यांच्या या आहारात आहे. दोन्ही तीरांवरील शहरांचे सांडपाणी खाडीत येते. त्यातील नायट्रोजन व फॉस्फरसयुक्त द्रव्यांमुळे मंद प्रवाहाच्या उथळ पाण्यात सूक्ष्म शैवलांची अमाप वाढ होते. ज्या प्रदूषणाने माशांचे प्रमाण घटून कोळ्यांच्या जाळ्यांत येणारी आवक रोडावली, त्याच प्रदूषणाने धाकट्या रोहितास अन्न पुरविले. म्हणून रोहितांची संख्या वाढली यावरून खाडीचे आरोग्य सुधारले, असा निष्कर्ष काढता येत नाही. सांडपाण्याबरोबर कारखान्यांतील जड धातूही गाळात आढळले आहेत. सांडपाण्याचे शुद्धीकरण वाढेल तसे शैवलांचे प्रमाण व त्याबरोबर पक्ष्यांची संख्याही बदलण्याचा संभव आहे. दीर्घकालीन गणनेची आवश्यकता या कारणाने अधिक भासते.

संरक्षणाचा इतिहास : वन्य जीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये व किनारपट्टी नियमनाची पहिली अधिसूचना फेब्रुवारी १९९१ मध्ये निघाली. तथापि कांदळवनाकडे पडीक, दलदलीची जमीन म्हणून पाहण्याची दृष्टी दीर्घकाळ कायम होती. भराव घालणे, राडारोडा टाकणे व सरपणासाठी तोड करणे हे प्रकार सर्रास चालत. विक्रोळी येथील गोदरेज उद्योगसमूहाच्या जमिनीवरील कांदळवन मात्र खाजगी प्रयत्नांनी राखले गेले. एका जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये अंतरिम आदेश देऊन राज्यातील कांदळवनाच्या तोडीस व त्यालगतच्या ५० मी. पट्ट्यातील बांधकामास मनाई केली. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निर्णयाने ही बंदी कायम झाली. शासकीय जमिनीवरील कांदळवने राखीव वा संरक्षित वने म्हणून घोषित होऊ लागली व २०१२ मध्ये वनविभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. अभयारण्याची घोषणा ही या घडामोडींचीच परिणती होय.

ऑक्टोबर २०२१ मध्ये अभयारण्याभोवती पर्यावरणदृष्ट्या संवेदनक्षम क्षेत्र घोषित करण्यात आले. २०२२ मध्ये अभयारण्य व भोवतालचा भाग मिळून ६५·२१ चौ. किमी. क्षेत्राचा समावेश आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर सूचीत झाला. नांदूर मधमेश्वर व लोणार यांच्यानंतरचे हे राज्यातील तिसरे रामसर क्षेत्र आहे.

निरीक्षणाची पद्धती : या खाडीवरील पक्षिनिरीक्षकास पक्ष्यांइतकेच समुद्राचे वेळापत्रक जाणावे लागते. पूर्ण ओहोटीस पाणी दूर सरते व त्याच्या कडेने चरणारे पक्षीही दूर जातात. पूर्ण भरतीस चिखल बुडून पक्षी उडून जातात. म्हणून शिवडीसारख्या ठिकाणी काठावरून पाहणाऱ्यास मधली वेळ, म्हणजे पाणी चढू वा उतरू लागल्यानंतरची वेळ, सोयीची असते. चढते पाणी थव्यांना काठाकडे लोटत आणते. नौकेतून पाहावयाचे असेल, तर मात्र नौका तरंगेल एवढे पाणी खाडीत असावे लागते. ऐरोली येथे २०१७ मध्ये सुरू झालेल्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून होणाऱ्या नौका-फेऱ्यांच्या वेळा यामुळे दररोज बदलतात. तिथी पाहून भरतीची वेळ सांगण्याचे कोळ्यांचे परंपरागत ज्ञान येथे नवख्या निरीक्षकासही उपयोगी पडते. हंगाम साधारणतः नोव्हेंबर ते मे हा असून पावसाच्या सुमारास बहुतेक रोहित निघून जातात.

रोहितांच्या प्रसिद्धीमुळे इतर पक्षी झाकोळले जाऊ नयेत. उचाट, शेकाट्या, चिखल्या, तुतवार, पाणटिवळा, कुरव, सुरय, चमचा, चित्रबलाक, कुदळ्या, राखी बगळा, खंड्या इ. अनेक पक्षी येथे दिसतात. त्यांच्या चोचींची लांबी व आकार भिन्न असल्याने एकाच चिखलात ते निरनिराळ्या खोलीवरचे भक्ष्य टिपतात. आखूड चोचीचे चिखल्या पृष्ठभागावरील, तर लांब चोचीचे पाणटिवळे खोलवरचे कृमी काढतात. उचाट आपली वर वळलेली चोच पाण्यातून आडवी फिरवितो. हजारोंच्या मिश्र थव्यात एकमेकांशी फारशी स्पर्धा न करता ते कसे चरू शकतात, याचा उलगडा यातून होतो.

गणना करताना थव्याचा लहान भाग मोजून त्या मापाने संपूर्ण थव्याचा अंदाज घेतात. अनेक ठिकाणी एकाच वेळी निरीक्षक नेमतात, म्हणजे उडून दुसरीकडे गेलेले पक्षी दोनदा मोजले जात नाहीत. कांदळवन प्रतिष्ठानच्या साहाय्याने बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटीने २०१८ मध्ये हाती घेतलेल्या दशवार्षिक अभ्यासात जानेवारी २०१९ च्या सुमारास रोहितांची संख्या सु. १ लक्ष २० हजार आढळली. २०२२ मध्ये काही रोहितांना उपग्रहाद्वारे माग काढणारी उपकरणे बसविण्यात आली. त्यांना सोसायटीच्या जुन्या कार्यकर्त्यांची व कच्छच्या खेंगारजींची नावे देण्यात आली होती. हे पक्षी गुजरातच्या किनाऱ्याकडे गेल्याचे दिसून आले व मुंबईचे रोहित आणि गुजरातमधील पाणथळी यांचा संबंध निश्चित झाला.

विश्रांतिस्थाने व त्यांचा प्रश्न : या अभ्यासांतून पुढे आलेली सर्वांत महत्त्वाची बाब अभयारण्याच्या सीमेबाहेरील आहे. भरतीच्या वेळी चिखलपट्ट्या पाण्याखाली गेल्या, म्हणजे रोहित व इतर पाणपक्षी विश्रांतीसाठी आतील उथळ तळ्यांवर व मिठागरांवर जातात. भांडुपच्या उदंचन केंद्राजवळची तळी व मिठागरे, नेरूळ व बेलापूर परिसरातील पाणथळी आणि उरण तालुक्यातील पाणजे ही अशी स्थाने होत. दिवसातून दोनदा येणाऱ्या भरतीमुळे पक्ष्यांना चराऊ जागा व विश्रांतिस्थान यांमध्ये सतत ये-जा करावी लागते. भरती रात्रीची असेल, तर ही ये-जा अंधारात होते. चराऊ क्षेत्र संरक्षित असूनही विश्रांतिस्थाने नष्ट झाली, तर पक्ष्यांना अधिक दूर उडावे लागते आणि स्थलांतरासाठी साठवावयाची शक्ती व्यर्थ खर्च होते. उरण परिसरातील काही पाणथळी भरावाखाली गेल्या आहेत. काही तळ्यांत भरतीचे पाणी येण्याचे मार्ग बुजल्याने ती कोरडी पडण्याचे प्रसंग आले आणि त्याविरुद्ध स्थानिक नागरिक व निसर्गप्रेमी संघटनांनी शासनाकडे व न्यायालयांत दाद मागितली.

२० मे २०२४ च्या रात्री मुंबईत उतरणाऱ्या एका प्रवासी विमानाची घाटकोपरवर रोहितांच्या थव्याशी टक्कर होऊन ३९ पक्षी मृत्युमुखी पडले. विमान सुखरूप उतरले. तथापि पक्ष्यांचे रात्रीचे मार्ग व विमानांचे मार्ग यांचा मेळ घालण्याचा प्रश्न त्यामुळे तीव्रतेने पुढे आला. ऑक्टोबर २०२५ मध्ये खाडीच्या पूर्वेस नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाल्याने त्याचे महत्त्व वाढले आहे. पाणथळी बुजविल्यास पक्षी विमानतळापासून दूर जातील, असे एक मत मांडले जाते. त्याउलट, ठरलेली जागा गमावलेले थवे पर्यायी जागांच्या शोधात विखुरतात व त्यांचे मार्ग अनिश्चित होतात, असे पक्षितज्ञांचे म्हणणे आहे.

शिवडी व न्हावाशेवा यांना जोडणारा २१·८ किमी. लांबीचा सागरी सेतू (अटल सेतू) १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झाला. तो शिवडीच्या चिखलपट्ट्यांवरून जातो. नियोजनाच्या काळात त्याचा मार्ग बदलावा अशी पक्षितज्ञांची सूचना होती. मार्ग कायम राहिला, परंतु काही भागात ध्वनिरोधक व दृष्टिरोधक भिंती बसविण्यात आल्या. वरच्या भागात चिखलपट्ट्यांवर वाढणारे कांदळवन हाही एक नाजूक प्रश्न आहे. कांदळवन किनाऱ्याचे रक्षण करते व मत्स्यबीजास आसरा देते, म्हणून ते कायद्याने संरक्षित आहे. मात्र दाट झाडीत रोहितास उतरता वा चरता येत नाही. एका अधिवासाची वाढ ही दुसऱ्याची घट ठरते.

महत्त्व : साष्टीच्या डोंगरातील राष्ट्रीय उद्यान व रायगड जिल्ह्यातील कर्नाळा अभयारण्य (स्थापना १९६८) यांमध्ये वनपक्षी पाहावयास मिळतात. ठाणे खाडीने त्यांस किनारी पक्षिजीवनाची जोड दिली. शाळांच्या सहली, हौशी निरीक्षकांच्या नोंदी व नौका-फेऱ्यांतून काही स्थानिकांना मिळणारा रोजगार यांमुळे खाडीकडे पाहण्याची लोकांची दृष्टी बदलली आहे. १८८३ मध्ये आठ जणांनी आरंभिलेल्या नोंदीत आज शेकडो सामान्य नागरिक भर घालीत असतात. विश्रांतिस्थानांविषयीच्या वादांत या नोंदीच पुरावा म्हणून पुढे येतात. अमुक तळ्यावर अमुक वर्षी किती पक्षी उतरले, हे कोणी लिहून ठेवले नसते, तर ते तळे केवळ मोकळा भूखंड म्हणून गणले गेले असते.